पोळी कुणाची, टाळी कुणाची?

२०१५ च्या नोव्हेंबरात दिल्लीत एका मोटार अपघातात जबर जखमी होऊन सॅम मोयो गेले. झिम्बाब्वेचे शेतीप्रश्नाचे अभ्यासक. श्रमिकांच्या प्रश्नावरच्या एका परिषदेसाठी ते आले होते. मराठी वाचकाने हे नाव ऐकलं असण्याची शक्यता फारच कमी, आणि त्यात वाचकाचा दोष नाही. आपल्याला झिम्बाब्वे ठाऊक आहे तो क्रिकेटमुळे आणि शून्यंच शून्यं असलेल्या त्या नोटांमुळे. सन २००० नंतर तिथल्या गोऱ्या शेतकऱ्यांच्या हजारो एकरांच्या जमिनी कशा हिसकावल्या गेल्या, हेही आपण वाचलं. पण जे वाचलं ते बहुतेक लंडनमार्गे आलेलं. त्याचा सूर ठरलेला होता: राष्ट्राध्यक्ष मुगाबेंच्या बगलबच्च्यांनी जमिनी लाटल्या आणि शेती बुडाली.

मोयोंनी वर्षानुवर्षं गावोगाव पाहण्या केल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की बगलबच्च्यांनी लाटल्या हे खरंच, पण जमीन मिळालेल्यांत लहान शेतकरी कुटुंबांची संख्या त्यांच्याहून कितीतरी मोठी आहे. एवढ्या मोठ्या उलथापालथीला नुसती लूट म्हणून मोकळं होता येणार नाही. यावर झोड उठली. काहींनी त्यांना सरकारचे वकील ठरवलं. मला स्वतःला वाटतं की त्या काळातल्या दडपशाहीला त्यांनी जरा हलक्या हाताने घेतलं. पण हा वाद इथे मिटवायचा नाही. मला वेगळ्याच गोष्टीचं अप्रूप आहे. आपल्याच देशाबद्दल, जगाच्या ठरलेल्या सुराविरुद्ध, हातात आकडे घेऊन बोलणारा माणूस तिथे उभा होता, आणि त्याच्यामागे लंडन-न्यूयॉर्कमधली नव्हे, आफ्रिकेतलीच एक विद्वत्सभा होती. तिचे ते २००८ ते २०११ अध्यक्ष होते. तिचं नाव कोडेस्रिया.

आफ्रिकेतल्या सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाची ही परिषद १९७३ साली स्थापन झाली. मुख्यालय सेनेगलची राजधानी डाकार. इजिप्तचे अर्थशास्त्रज्ञ समीर अमीन तिचे पहिले कार्यकारी सचिव. तेव्हा ते डाकारमधल्याच संयुक्त राष्ट्रांच्या एका नियोजनविषयक संस्थेचे संचालक होते आणि या नव्या बाळाला पहिला पाळणा त्याच आवारात मिळाला. सुरुवातीला हा संशोधनसंस्थांच्या संचालकांचा मेळावा होता. पुढे साध्या प्राध्यापकांना, संशोधकांनाही दार उघडलं गेलं. काम काय, तर वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासकांचे गट बांधून एकेका प्रश्नावर संशोधन करवणं, प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना छोट्या रकमा देणं, पुस्तकं आणि नियतकालिकं छापणं, आणि ठरावीक वर्षांनी सगळ्यांना एका छताखाली आणून भांडू देणं. २००२ ची महासभा कंपालात झाली, २००५ ची मापुतोत, २००८ ची याउंडेत, २०११ ची रबातमध्ये. नकाशा काढून ही चार गावं पाहिली की या उद्योगाचा आवाका कळतो. युगांडात इंग्रजी, मोझांबिकमध्ये पोर्तुगीज, कॅमेरूनमध्ये मुख्यतः फ्रेंच, मोरोक्कोत अरबी.

हा आवाका सहज आलेला नाही. वसाहतींच्या काळात आफ्रिकेची जमीन वाटली गेली तशी विद्याही वाटली गेली. इबादानचा प्राध्यापक लंडनकडे पाहायचा, डाकारचा पॅरिसकडे, लुआंडाचा लिस्बनकडे. सेनेगलच्या पोटात गांबिया नावाचा चिंचोळा देश आहे. बोली दोन्हीकडे त्याच, पण एकीकडचं विद्यापीठ फ्रेंच आणि दुसरीकडचा कारभार इंग्रजी. शेजारच्या देशात आपल्याच विषयावर काय लिहिलं जातंय हे कळायलाही युरोपातल्या ग्रंथालयाची वाट धरावी लागे. विमानांचं तेच, खंडाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाताना पॅरिसला उतरून विमान बदलावं लागणं यात नवल नव्हतं. अशा खंडात पूर्व-पश्चिम-उत्तर-दक्षिण एकत्र बसवणं हे नुसतं आयोजनाचं काम नसून राजकीय कृत्य होतं.

बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलिन हूंतोंजी २०२४ मध्ये वारले. त्यांनी या दुखण्याचं निदान फार नेमकं केलं होतं. वसाहतीतून कच्चा माल जातो, कारखान्यात त्याचा पक्का माल होतो आणि तोच आपल्याला विकत मिळतो. विद्येचंही तेच झालं, असं त्यांचं म्हणणं. आफ्रिकेतून माहिती जाते, मुलाखती जातात, आकडे जातात; सिद्धांत तिकडे घडतो आणि पाठ्यपुस्तक होऊन परत येतो. इथला अभ्यासकही मग तिकडच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहू लागतो. कापूस वऱ्हाडचा आणि कापड मँचेस्टरचं, हा हिशोब मराठी माणसाला समजावून सांगायला नको. पण कापसाच्या बाबतीत आपल्याला जे चटकन दिसतं ते प्रबंधाच्या बाबतीत दिसत नाही. विषय कुणी निवडला, आणि उत्तर कुणाला हवं होतं, हे आपण विचारतच नाही.

कोडेस्रियाचा खरा उपयोग इथे आहे. तिने नोबेल मिळवणारे सिद्धांत काढले असा माझा दावा नाही. तिने प्रश्न निवडण्याचा हक्क आपल्या हातात ठेवला. आणि एकदा प्रश्न आपला झाला की भांडणही आपलं होतं. १९९५ च्या सुमारास केनियाचे विख्यात राज्यशास्त्रज्ञ अली मझरुई यांनी सुचवलं की कोसळत चाललेल्या आफ्रिकी राष्ट्रांना काही काळ बलवान आफ्रिकी राष्ट्रांनीच पालक म्हणून सांभाळावं. दक्षिण आफ्रिकेचे मानववंशशास्त्रज्ञ आर्ची माफेजे यांनी कोडेस्रियाच्या बुलेटिनमधून त्यांच्यावर असा काही हल्ला चढवला की आजही तो वाचताना कान गरम होतात. आपल्या जुन्या टिळक-आगरकर वळणाचीच जात. दोघेही दिग्गज, दोघेही आफ्रिकी, आणि मध्यस्थीला कुणी गोरा संपादक नाही.

माफेजेंच्या आयुष्यावरून आणखी एक गोष्ट कळते. १९६८ मध्ये केपटाउन विद्यापीठाने त्यांना व्याख्याता म्हणून निवडलं आणि वर्णद्वेषी सरकारने डोळे वटारताच नेमणूक मागे घेतली. विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या कचेरीत ठिय्या दिला, तरी काही झालं नाही. माफेजे पुढची तीसेक वर्षं परदेशांत शिकवत फिरले. वर्णद्वेष संपण्याच्या बेतात असताना त्याच विद्यापीठात आफ्रिका-अभ्यासाच्या एका अध्यासनासाठी त्यांनी अर्ज केला, तेव्हाही त्यांना घेतलं नाही. विद्यापीठाने माफी मागितली ती २००८ मध्ये, माफेजे गेल्यानंतर वर्षभराने. ते अध्यासन मिळालं महमूद ममदानींना. हे ममदानी जन्माने मुंबईचे, १९४६ चे. वाढले कंपालात, आणि १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना हाकललं तेव्हा त्यांनाही देश सोडावा लागला. केपटाउनला आल्यावर दोनेक वर्षांतच आफ्रिकेविषयीच्या अभ्यासक्रमात आफ्रिकी अभ्यासकांचं लेखन का नाही, यावरून त्यांचं सहकाऱ्यांशी बिनसलं आणि १९९८ मध्ये त्यांचा तो वाद गाजला. त्याच वर्षी ते कोडेस्रियाचे अध्यक्ष झाले. देशाने किंवा विद्यापीठाने ज्यांना बाहेर काढलं त्यांना खंडाने ठेवून घेतलं, असं या संस्थेच्या बाबतीत पुन्हा पुन्हा झालेलं दिसतं.

घरातली भांडणं सगळी उदात्त होती असं मुळीच नाही. सुरुवातीची कित्येक वर्षं हा पुरुषांचा अड्डा होता. वर्गाबद्दल, राज्यसंस्थेबद्दल, साम्राज्यवादाबद्दल दिवसदिवस बोलणाऱ्या मंडळींना शेतात राबणाऱ्या बाईचा हिशोब कुठे धरायचा हे सुचत नव्हतं. १९९१ मध्ये डाकारला या विषयावर मोठं चर्चासत्र झालं. आयेशा इमाम, अमीना मामा, फातू सो यांनी त्यातून पुढे पुस्तक सिद्ध केलं, आणि लिंगभावाचा अभ्यास हा संस्थेच्या कामाचा कायमचा भाग झाला. तो कुणी बाहेरच्या देणगीदाराने अट घालून आणलेला नाही. आतल्या बायकांनी भांडून आणला. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

भाषेच्या बाबतीत मात्र मी या संस्थेला माफ करायला तयार नाही. चार भाषांत कारभार चालतो: इंग्रजी, फ्रेंच, पोर्तुगीज, अरबी. दुभाषे आणि भाषांतर यांवर होणारा खर्च पाहिला तर हेच मोठं धाडस आहे, हे मान्य. पण स्वाहिली? हौसा? अम्हारिक? स्वाहिली तर पूर्व आफ्रिकेत कोट्यवधी लोक बोलतात, टांझानियात तिच्यात शाळा चालतात, संसद चालते. २०२२ मध्ये आफ्रिकी संघानेही तिला कामकाजाची भाषा म्हणून स्वीकारलं. ज्या संशोधनाचा विषय टांझानियातल्या मोरोगोरोची शेतकरीण आहे ते तिला वाचून दाखवता येईल अशा भाषेत कधी येणार? हूंतोंजींचं निदान इथे उलटून अंगावर येतं. डाकारमध्ये पक्का झालेला माल जर पुन्हा पॅरिस आणि लंडनच्या भाषेतच बाजारात येणार असेल तर कारखाना हलवून अर्धंच काम झालं.

अर्थात आपण कोणत्या तोंडाने बोलायचं? मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, पण मराठीत समाजशास्त्रावर गंभीर लेख लिहिणाऱ्या तरुण प्राध्यापकाला पदोन्नतीच्या वेळी त्याचं किती मोल मिळतं हे त्यालाच विचारा. 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका' यांसारखी नियतकालिकं काही मोजक्या माणसांच्या पदरमोडीवर आणि जिद्दीवर चालली. स. मा. गर्गे यांनी मराठीत समाजविज्ञान कोशाचे खंडच्या खंड तयार केले. ते आज किती महाविद्यालयांत उघडले जातात? तेव्हा कोडेस्रियाला दिलेला हा दोष आपल्या खात्यावरही मांडून ठेवू.

आता त्या आक्षेपाकडे येतो, जो कुठल्याही गरीब देशात, आपल्याकडेसुद्धा, हमखास ऐकू येतो. पोट भरायचे वांधे असताना सामाजिक शास्त्रांची चैन कशाला? आधी डॉक्टर, इंजिनिअर, शेतीतज्ज्ञ होऊ देत. समाजाचा अभ्यास पोट भरल्यावर करू.

आफ्रिकेत हा आक्षेप नुसत्या गप्पांत राहिला नाही, धोरण होऊन आला. १९८० मध्ये आफ्रिकी राष्ट्रांनी लागोसला जमून स्वावलंबनाचा एक आराखडा मंजूर केला होता. दुसऱ्याच वर्षी जागतिक बँकेचा अहवाल आला, त्याने सगळं उलटं सांगितलं: सरकारं फार पसरली आहेत, खर्च कापा, बाजार मोकळे करा. कर्जबाजारी सरकारांना बँकेचं ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हतं. या संरचनात्मक समायोजनाच्या काळात बँकेचे अर्थतज्ज्ञ शिक्षणाचा हिशोबही मांडत होते: प्राथमिक शाळेवर घातलेला पैसा जास्त परतावा देतो, विद्यापीठावर घातलेला कमी. झालं. मकेरेरे, इबादान, दार-ए-सलाम ही एकेकाळची नामांकित विद्यापीठं खंगत गेली. ग्रंथालयात नवी नियतकालिकं येईनात. पगारात भागेना म्हणून प्राध्यापक टॅक्सी चालवू लागले, कोंबड्या पाळू लागले, आणि ज्यांना जमलं ते देश सोडून गेले.

यातली गंमत पाहा, गंमत म्हणायला जीव धजत नाही तरी. सामाजिक शास्त्रं परवडत नाहीत हा सल्ला कुठून आला? सामाजिक शास्त्रातूनच. परताव्याचं ते गणित अर्थशास्त्रातलं, वॉशिंग्टनमध्ये केलेलं. म्हणजे आफ्रिकेला सामाजिक शास्त्राविना राहण्याचा पर्याय कधी नव्हताच. स्वतःचं वापरायचं की दुसऱ्याचं, एवढीच निवड होती. ज्यांच्या मुलांचं विद्यापीठ बंद पडणार त्यांच्याकडे ते गणित तपासून 'हे चुकतंय' म्हणायला माणसंच उरू नयेत, अशी ती तजवीज झाली. (हेतुपुरस्सर झाली असं मी म्हणत नाही. परिणाम तोच.) पुढे २००० साली खुद्द जागतिक बँक आणि युनेस्को यांनी नेमलेल्या अभ्यासगटाने कबूल केलं की उच्च शिक्षणाकडे इतक्या अरुंद नजरेने पाहणं चूक होतं. तोवर एक अख्खी पिढी वाया गेली होती.

त्या वीस वर्षांत 'हे चुकतंय' म्हणणारे जे थोडे आवाज टिकले, त्यांतले बरेच कोडेस्रियाच्या आसऱ्याने टिकले. मलावीचे थांडिका म्कांदावीरे १९८६ ते १९९६ तिचे कार्यकारी सचिव होते. आफ्रिकी राज्यसंस्था मुळातच कर्तृत्वशून्य आहे, तिला विकास जमणारच नाही, या समजुतीवर त्यांनी आयुष्यभर वार केले. ते म्हणत की स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत याच सरकारांनी शाळा, रस्ते, दवाखाने उभारले होते. मग जन्मजात दोष कसला? आज ही भाषा रूढ झाली आहे. ऐंशीच्या दशकात ती बोलणं म्हणजे जुनाट समाजवादी म्हणून हसं करून घेणं होतं.

डॉक्टर आधी, समाजशास्त्रज्ञ नंतर, या युक्तिवादाला सर्वांत कडवट उत्तर २०१४ मध्ये इबोलाने दिलं. गिनी, सिएरा लिओन, लायबेरिया इथे डॉक्टर आले, औषधं आली, चिलखतासारखे पोशाख आले. पण लोक रुग्ण लपवू लागले, पथकांवर दगड येऊ लागले. मृतदेहाला स्नान घालणं, स्पर्श करून निरोप देणं हा तिथला धर्म. प्रेतं पिशवीत भरून न्यायला परक्या वेषातली माणसं येतात, हे त्यांना कसं सोसावं? डाकारच्या शेख इब्राहिमा नियांग यांच्यासारखे मानववंशशास्त्रज्ञ गावांत जाऊन बसले, ऐकलं, आणि वर्षाच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने दफनाचे नियम बदलले. सुरक्षित आणि सन्मानाने, असे दोन शब्द एकत्र आले. त्यातला दुसरा शब्द प्रयोगशाळेतून आलेला नव्हता.

इथवर अनेक जण माझ्याबरोबर येतील. खरी अडचण पैशाची आहे. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, ही आपली म्हण कोडेस्रियाला लावून पाहिली तर निकाल विचित्र लागतो. साम्राज्यवादावर इतकं लिहिणाऱ्या या संस्थेची पोळी बरीच वर्षं स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क यांच्या सरकारांकडून आणि फोर्ड, रॉकफेलर, कार्नेगी अशा अमेरिकी प्रतिष्ठानांकडून आली. टीकाकार यावर बोट ठेवतात तेव्हा त्यांना गप्प करता येत नाही. पण टाळी वाजली का? बहुतांशी नाही. जागतिक बँकेच्या धोरणांवर सगळ्यात बोचरी टीका याच संस्थेच्या पानांतून झाली, आणि त्या बँकेत स्वीडनचाही भाग होताच.

हे कसं जमलं याचं माझं उत्तर नीरस आहे: अनुदानाचा प्रकार. स्वीडनमध्ये १९७५ साली विकसनशील देशांशी संशोधन-सहकार्य करणारी 'सारेक' नावाची सरकारी संस्था निघाली. ती आणि तिच्यासारख्या नॉर्डिक संस्था जो पैसा देत त्यातला मोठा भाग संस्थेच्या गाभ्याच्या कामासाठी असे. भाडं द्या, पगार द्या, मासिक छापा. विषय तुम्हीच ठरवा. याच्या उलट जात आहे प्रकल्पनिधीची. 'अमुक देशात तमुक विषयावर अठरा महिन्यांत अहवाल, सोबत धोरणात्मक शिफारशी.' ममदानी नंतर मकेरेरेच्या संशोधनसंस्थेचे संचालक झाले तेव्हा त्यांनी तिथे पाहिलं ते हेच. प्राध्यापक संशोधन सोडून सल्लागार झाले होते. प्रश्न गिऱ्हाईक आणतं, प्राध्यापक उत्तर देतो. त्यांचं म्हणणं की संशोधनाचं मर्म प्रश्न घडवण्यातच असतं, आणि तेच काम बाहेर गेलं होतं. जागतिक बँकेला शिव्या देणाऱ्या अभ्यासकाला बँकेच्याच एखाद्या अहवालासाठी महिन्याच्या पगारापेक्षा जास्त पैसे आठवड्यात मिळत असतील, तर त्याला नैतिक उपदेश करण्यात अर्थ नाही. त्याच्या घरीही पोरं शाळेत जातात.

पण नॉर्डिक मनाच्या मोठेपणावर खंड चालवायचा किती दिवस? २०२३ च्या जूनमध्ये स्वीडनच्या सरकारने विकासविषयक संशोधनाला आपल्या संशोधन परिषदेतून जाणारा पैसा एकाएकी थांबवला. तो फटका स्वीडिश अभ्यासकांना बसला, पण वारं कुठल्या दिशेने वाहतंय ते कळलं. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदतीची संस्थाच मोडीत काढली. दुसऱ्याच्या निवडणुकीवर आपली विचारशक्ती टांगून ठेवल्यावर दोरी कधी कापली जाईल ते सांगता येत नाही.

मग आफ्रिकी सरकारं कुठे होती? सेनेगलने डाकारमध्ये जागा दिली, सवलती दिल्या, थोडाफार पैसाही दिला. त्याबद्दल त्याचं श्रेय त्याला द्यावंच. बाकीच्यांनी भाषणं दिली. राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्का संशोधनावर खर्च करू, असं २००६ मध्ये खार्तूमला ठरवलं गेलं. खंडाची सरासरी अजून अर्ध्या टक्क्याच्याही खाली रेंगाळते. आफ्रिकी संघाची अदिस अबाबातली वीस-बावीस मजली टोलेजंग इमारत चीनने बांधून भेट दिली, २०१२ मध्ये थाटात उद्घाटन झालं. स्वतःची सभागृहं ज्यांना भेट म्हणून घ्यावीशी वाटली ते स्वतःचे प्रश्न विचारायला पैसे मोजतील ही आशा भाबडीच म्हणायची. वर, सरकारांना हे प्रश्न नकोच असतात. १९९० च्या मे महिन्यात झाईरमध्ये (आजच्या काँगोत) लुबुंबाशीच्या विद्यापीठात रात्री हुकूमशहा मोबुतूच्या माणसांनी घुसून विद्यार्थी मारले. किती मारले, यावर आजही एकमत नाही. मलावीत कवी जॅक मापांजे १९८७ पासून खटल्याविना तुरुंगात होते. त्याच १९९० च्या नोव्हेंबरात कोडेस्रियाने कंपालात अभ्यासकांना बोलावून बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा केला. त्यात दोन मागण्या शेजारी शेजारी बसल्या आहेत: विद्यापीठं सरकारपासून स्वायत्त असावीत, आणि सरकारने त्यांना पुरेसा पैसा सातत्याने द्यावा. पैसे द्या पण हात लावू नका. वरवर पाहता हा निलाजरेपणा वाटतो. मला तो अगदी रास्त वाटतो, कारण पैसा सरकारचा नसून करदात्याचा असतो.

सरकारी पैशाचा रस्ता कुठे जातो हे आपण पाहिलेलं आहे. भारताची सामाजिक विज्ञान संशोधन परिषद १९६९ ची, कोडेस्रियाहून चार वर्षांनी थोरली. तिचे पहिले अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ आणि पहिले सदस्य-सचिव जे. पी. नाईक, दोघेही आपले. देशभर संशोधनसंस्थांचं जाळं उभारलं गेलं, त्यातून खरोखर चांगलं काम झालं; आणि तरीही अध्यक्ष दिल्लीने नेमायचा आणि पैसा दिल्लीने सोडायचा, ही गाठ कायम राहिली. राज्यकर्ते बदलले की संस्थांमधला आवाज खाली येतो, हे अनुभवायला कुठल्याही एका पक्षाची सत्ता यावी लागत नाही. कोडेस्रियाचं वेगळेपण असं की तिचे पदाधिकारी तिच्या सभासदांनी निवडायचे असतात. त्यात गटबाजी होते, प्रदेशांचे आणि भाषांचे हिशोब मांडले जातात, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तर नेतृत्वावरून संस्था हादरलीही. तरीसुद्धा मंत्र्याच्या सहीपेक्षा गटबाजी परवडते.

गाडगीळांचंच आणखी एक उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. पुण्याची गोखले संस्था १९३० साली निघाली ती रावबहादूर आर. आर. काळे यांच्या देणगीवर, भारत सेवक समाजाच्या आधाराने. राज्य इंग्रजांचं होतं. त्या पैशावर गाडगीळांनी वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च मांडला, पुणे शहराची घरोघर पाहणी केली. वाईच्या शेतकऱ्याला वर्षाअखेर काय उरतं, हा प्रश्न लंडनच्या कुणी विचारला नव्हता. एका माणसाच्या ठेवीच्या व्याजातून तो विचारता आला.

आफ्रिकेत एका रावबहादूर काळे यांच्या देणगीने भागणार नाही, पण चौपन्न देशांच्या ठेवींनी भागेल. कोडेस्रियासारख्या संस्थेसाठी खंडाच्या सरकारांनी एकदाच, ऐपतीप्रमाणे, कायम निधीत रक्कम टाकावी. दरवर्षी अनुदानाची फाईल हलवायची नाही. निधी आबिदजानच्या आफ्रिकी विकास बँकेकडे राहावा, व्याज अभ्यासकांनी निवडलेल्या मंडळाकडे जावं, आणि एकदा टाकलेली रक्कम कुठल्याही सरकारला काढून घेता येऊ नये. नायजेरिया रुसला तरी सेनेगलचे पैसे आहेत, युगांडाने नाक मुरडलं तरी बोट्स्वानाचे आहेत. एका हाताने नळ बंद होणार नाही, ही यातली मेख. जोडीला सभासद वर्गणी वाढवावी. मूठभर सभासद आणि बरीचशी नावापुरती यादी, असं चालायचं नाही. परदेशांत स्थिरावलेले आफ्रिकी प्राध्यापक आज हजारोंनी आहेत. म्कांदावीरे यांनी त्यांनाच 'गेलेली आणि परत न आलेली' दुसरी पिढी म्हटलं होतं. तिसरी पिढी म्हणजे मायदेशीच, फुटक्या छपराखाली, जुन्या पुस्तकांवर शिकलेली. दुसऱ्या पिढीने तिसरीच्या प्रबंधाचा खर्च उचलावा, ही मागणी काही फार नाही.

यावर कुणी म्हणेल, आफ्रिकी सरकारं एवढं शहाणपण दाखवणार नाहीत. नसतील दाखवत. पण १९७३ मध्ये, एकीकडे लष्करी बंडं आणि दुसरीकडे दुष्काळ चालू असताना, डाकारमधल्या उसन्या खोलीत अख्ख्या खंडाची विद्वत्सभा भरवू म्हणणारी माणसंही त्या घटकेला शहाणी दिसली नसतील. प्रबंध लिहिणाऱ्यांसाठीच्या त्या छोट्या रकमांचे अर्ज आजही फ्रेंचमध्ये येतात, इंग्रजीत, पोर्तुगीजमध्ये, अरबीत येतात. पहिला अर्ज स्वाहिलीत येईल तेव्हा तो वाचायला समितीत माणूस बसलेला असावा, एवढी सोय तर कायम निधीची वाट न पाहताही करता येईल.